उडीपुरती जागा

नव्या शेडच्या जमिनीवर खडूनं आखलेल्या रेघा केरबा फोरमन बुटानं खसाखसा पुसायला लागला, तसे आराखडा करणारे इंजिनिअर धावत आले. "अहो, काय करताय? सकाळपासून मापं घेतोय मी!"

"काच कापायच्या टेबलामागं भिंतीपर्यंत दोनच फूट?"

"माणूस आरामात उभा राहतो तेवढ्यात. तिथं जागा वाया घालवली, तर दुसरी भट्टी बसायची नाही."

'वाया' ऐकलं आणि केरबाचं डोकंच फिरलं. त्यानं कोपऱ्यातली माणसाएवढी प्लायची शीट ओढत आणली. इंजिनिअरना भिंत आणि टेबलाची रेघ यांच्यामधे उभं केलं, शीट त्यांच्यासमोर उभी केली. "धरा घट्ट," म्हणाला, आणि स्वतःचे हात काढून घेतले.

शीट अंगावर कलली. इंजिनिअरनी दचकून मागं उडी मारली. पाठ भिंतीवर धाडकन आदळली आणि शीट त्यांच्या छातीवर येऊन पडली.

"आमच्यात पहिल्या दिवशी एकच शिकवतात साहेब," केरबा दातओठ खात म्हणाला. "काच सुटली की धरायची नाही, मागं उडी मारायची. जुन्या शेडमधे माझ्या मेव्हण्यानं मारली होती. मागं भिंत होती. त्याला बाहेर काढला तो चादरीत गुंडाळून."

इंजिनिअरनी खाली पडलेला खडू उचलला. "किती जागा सोडू?"

"आत्ता प्लायला घाबरून उडी मारलीत, तेवढी नको. काचेला घाबरून माराल, तेवढी सोडा."