आईचा लोड

गरोदर बायकांच्या योगवर्गात प्रत्येकीसोबत कुणीतरी होतं. नवरा, बहीण, सासू. माझ्यासोबत आईचा लोड होता. याच लोडावर आईने वीस वर्षं लोकांच्या लेकींना श्वास घ्यायला शिकवलं. मला दिवस गेल्याचं कळल्यापासून तिचा रोज फोन यायचा. "ये गं, कंबर दुखायच्या आत ये. जगाला शिकवते आणि घरात दिव्याखाली अंधार!" "पुढच्या आठवड्यात नक्की, आई." असे सात आठवडे गेले, आणि मग आईच गेली. "डाव्या कुशीवर वळा, वरचा गुडघा लोडावर ठेवा," शिक्षिका म्हणाल्या. इतक्या जणींच्या गुडघ्यांनी लोडाला मधोमध खळगा पडला होता. माझा गुडघा त्यात अलगद बसला. कंबरेची कळ ओसरली. आई, इतकं सोपं होतं. "चला, आता हळूहळू उठा." सगळ्या आपापल्या माणसाचा हात धरून उठल्या. मला मात्र त्या खळग्यातून गुडघा काढवेना.