पक्ष्यांनी ठेवलेले नाव

मालनबाई पेरूखालच्या भांड्यात पाणी ओतत होत्या, तेव्हा पक्ष्यांची बोली उलगडणाऱ्या अर्थयंत्राने दयाळ पक्ष्याच्या शिळेचा अर्थ सांगितला : "पाणीवाली आली."

"अगं बाई, मला नावसुद्धा ठेवलंय!" मालनबाई हरखल्या.

पक्षिमित्र मंडळाच्या अध्यक्ष नलिनीताईही हसल्या. हे यंत्र घेऊन त्या आल्या होत्या मात्र मालनबाईंच्या यजमानांसाठी. परसातले पक्षी इतक्या जवळून टिपणाऱ्या वामनरावांना पक्षी काय म्हणतात, हे ऐकूनच मंडळ त्यांना 'पक्षिसखा' हा सन्मान देणार होते.

वामनराव कॅमेरा घेऊन ऐटीत परसात उतरले. त्यासरशी बुलबुल, शिंपी, दयाळ असे सगळेच कलकलू लागले. यंत्र एकच घोकत राहिले : "पिंगळा आला! पिल्लं सांभाळा!"

"बरोबर ओळखलं मेल्यांनी," मालनबाईंना हसू आवरेना. "घरातही असेच डोळे वटारून बसतात!"

नलिनीताई हसल्या नाहीत. पेरूच्या फांदीला बांधलेला छोटा स्पीकर त्यांना दिसला होता.

"वामनराव, पिंगळ्याचा आवाज लावून बोलावत होता यांना?"

पिंगळा म्हणजे छोटे घुबड, पिल्लांचा वैरी. त्याचा आवाज ऐकला की लहान पक्षी घरटे सोडून त्याला हुसकायला धावतात, आणि छायाचित्र अगदी जवळून मिळते.

वामनरावांना मान वर करवेना. कॅमेरा पाठीमागे लपवत ते घरात गेले आणि त्यांनी दार लावून घेतले. बाहेरचा गलका हळूहळू थांबला. मग बंद दारातून दयाळाची शीळ ऐकू आली, आणि तिच्यामागोमाग यंत्राचा आवाज :

"गेला."