खांबाशी भांडणारी घोडी

"विश्वास नाही बसायचा तुमचा, डॉक्टरीणबाई, पण ही घोडी खांबाशी भांडते," गाडीवान म्हणाला. "माणसांशी भांडून कंटाळली, आता खांब धरलेत."

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तबेल्याच्या दारातच वही उघडली. त्यांना कचेरीनं धाडलं होतं. बेकरीचा माल पोचवणाऱ्या या घोडागाडीविरुद्ध महिन्याभरात तीन तक्रारी गेल्या होत्या. घोडी धोकादायक आहे असं बाईंनी लिहिलं, की सोमवारी ट्रक येऊन तिला घेऊन जाणार. बावीस वर्षांचं जनावर ट्रकमधून जिथं जातं तिथून परत येत नाही, हे गाडीवानाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पण ऐकणारं माणूस समोर उभं राहिलं की गाडीवानाच्या जिभेला हाड राहत नसे. लोणकढी थाप मारावी तर त्यानंच. आणि तीही अशा तब्येतीत, की पहिला विश्वास त्याचा स्वतःचाच बसायचा.

तशी घोडी गरीब नव्हतीच. सगळे तिला बाईसाहेब म्हणत ते उगाच नाही. उडती पिशवी दिसली की दोन पायांवर उभी. कुणी छत्री उघडली की अंगाला दरदरून घाम. डोळ्यांवरची झापडं तिनं तीनदा चावून फेकली होती, चौथ्यांदा त्यानं बांधलीच नाहीत. पाण्याच्या बादलीची कडी भिंतीकडे हवी, नाहीतर बादली आडवी. रोज जुंपताना अर्धा तास मनधरणी. "याच्या चाराणे लाड माझे झाले असते, तर गाडी मीच ओढली असती," असं त्याची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

"खांबाचं सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"बेकरीच्या फाटकाचा डावा खांब. नवा रंग दिलेला. हिला तो नट्टापट्टा खपला नाही. लांबूनच हिनं मान फिरवली आणि उजवीकडे ओढायला लागली. मी म्हटलं, असं कसं, फाटक सरळ आहे. मी डावीकडे लगाम खेचतोय, ही उजवीकडे. शेवटी मी जिंकलो."

"आणि?"

"आणि खांब पडला."

बाईंनी लिहून घेतलं. "आणि रंगाऱ्याची शिडी?"

"तो बेसूर शीळ घालत होता. हिला सुराचा कान आहे. शिडी गेली, रंगारी दुकानाच्या पाटीला लटकला. पण त्यानंतर शीळ सुरात आली बघा त्याची."

"शिडी कुठल्या बाजूला होती?"

"डावीकडेच. भर चौकात तर हिनं कमालच केली. मी चल चल म्हणतोय, ही पाय रोवून उभी. मागं पावाचे ट्रे घसरले, रस्ताभर पाव. का, तर शाळेच्या बसला मुजरा करायचा होता. बस हिच्या नाकासमोरून वीतभर अंतरानं गेली."

"बस कुठून आली?"

"डावीकडून," गाडीवान म्हणाला, आणि पुढं म्हणाला, "म्हणजे, असं लोक सांगतात."

पेन चालत राहिलं. त्याचा कुरकुर आवाज ऐकताना गाडीवानाच्या एकदम ध्यानात आलं. आपण हसवायला म्हणून सांगतोय आणि समोर तर घोडीविरुद्धचा पुरावा जमा होतोय. त्यानं तिथल्या तिथं गाडी फिरवली.

"खरं सांगू का, अगदी लेकराच्या जातीची आहे. परवा चिमणीनं हिच्या कानात घरटं बांधायला घेतलं. दिवसभर कान हलवला नाही हिनं."

"परवा ना?" बायको दारातून म्हणाली. "परवा तर स्वतःच्या सावलीला लाथ घातली तिनं. दार अजून बिजागरीवरून निखळलेलं आहे."

"तू गप गं. सरकारी काम चाललंय."

डॉक्टरीणबाईंनी पायांतल्या वहाणा काढल्या, आवाज होऊ नये म्हणून. घोडीच्या डाव्या अंगाला जाऊन त्यांनी हळूच तळवा वर केला. बाईसाहेबांनी कान मागे पाडले, मान झटकली आणि त्यांच्या कोटाचं बटण दातांनी उपटून घेतलं. उजव्या अंगाला जाऊन बाईंनी तेच केलं. दुसरं बटण गेलं.

"दोन्ही डोळे उत्तम आहेत," त्या म्हणाल्या. "या वयात इतकी नजर मी पाहिली नाही."

"माझ्यावर गेलीये," गाडीवानानं छाती फुगवली.

बायको निखळलेल्या दाराची बिजागरी चाचपू लागली.

डॉक्टरीणबाईंनी वही मिटली. अनवाणीच चालत त्या आता गाडीवानाच्या डाव्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. घोडीनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. गाडीवान समोर, निखळलेल्या दाराकडे बघत राहिला.

"मान वळवू नका हं, काका," अगदी जवळून आवाज आला. "माझ्या हातात काय आहे?"

घोडी एक पाय जमिनीवर घासत होती. माहीत नाही, असं उत्तर त्यानं आजवर कुणाला दिलं नव्हतं. आज तर सोमवार तीन दिवसांवर होता.

"हे काय विचारणं झालं," तो हसून म्हणाला. "पेन. निळं. टोपण उघडं राहिलंय तुमचं, शाई वाळेल."

"हात रिकामा आहे, काका."