इकडच्या लोकांसाठी

करपा न लागणारा धानाचा वाण हवा म्हणून आम्ही कृषी संशोधन केंद्रावर १९८० पासून सहा वर्षं शेताच्या बांधीत मुद्दाम तो रोग पसरवला. बाकी सगळे वाण करपले, एकच शेवटपर्यंत हिरवागार राहिला. दरवर्षी बांधीत रोगट तणस, म्हणजे धानाचा पेंढा, टाकणाऱ्या मजूर बायनाबाईनेच त्याचा पहिला भात रांधला.

केंद्राच्या साहेबांनी घास तोंडात घातला आणि रुमालात थुंकला. “शी! कडू जहर!”

मग तोंड पुसून त्यांनी तो वाण लागवडीला देण्याच्या शिफारशीवर सही केली. “इकडच्या लोकांना चालेल.”

मी शिक्का मारला.

बायनाबाईने पातेलं उचललं. “सहा वर्सं करप्यानंबी याले तोंड नाई लावलं, साहेब. आमी करप्याच्याबी खालचे का?”