एकवीस किलोमीटर

दिग्रस मागे पडलं तशी समीक्षा खिडकीकडे पाठ करून बसली.

“पाह्य ना, डोंगर किती हिरवेगार दिसून राह्यले,” शेजारून कपिल म्हणाला.

“पाह्यलेले आहेत. जन्मली मी तिथं.”

पुसद तिचं माहेर. चहूबाजूंनी डोंगर, मधून नदी, आणि धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर विठ्ठलरावांचं घर. सहा वर्षांपूर्वी तिनं कॉलेजातल्या कपिलशी लग्न केलं. मुलगा बौद्ध घरातला, म्हणून विठ्ठलरावांनी भर बैठकीत सांगून टाकलं की आजपासून मला मुलगी नाही. आई, इंदुताई, मधूनमधून चोरून फोन करायची. दोन वाक्यं बोलायची, तिसऱ्याआधीच फोन ठेवून द्यायची.

समीक्षाला आईला एकदा डोळे भरून बघायचं होतं. पण बापाच्या दारात आपणहून जाऊन उभं राहायचं म्हणजे कठीण काम. ताठ्याच्या बाबतीत ती बापाचीच लेक होती.

आणि या नवरोबाला अर्धमॅरेथॉन धावायची तर नेमकी पुसदलाच!

“नागपूरले होते, अमरावतीले होते,” ती पुन्हा एकदा म्हणाली. “तुले काहून इथंच पळाचं आहे?”

“इथली हवा चांगली आहे.”

कपिल दारव्ह्याला वायरमन होता. खांबावर चढायची सवय, पळायची नाही. तरी वर्षभर त्यानं एक सकाळ चुकवली नव्हती. फक्त पळायचा तो जवळच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यापर्यंत. तिथून मागे फिरायचा आणि समीक्षाची कणीक मळून होते न होते तोच दारात हजर. गल्लीतले लोक विचारायचे, एवढ्याशा तयारीवर एकवीस किलोमीटर कसे होणार? हा हसून म्हणायचा, “मले पुरते तेवढं.”

समीक्षाला हसू येत नव्हतं. हा भर रस्त्यात चक्कर येऊन पडणार, तेही माझ्या माहेरच्या माणसांसमोर, या काळजीनं तिला बसमध्ये डुलकीसुद्धा लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजवर कपिल आरशासमोरून हलेना. दाढी घोटून झाली, केस तीनदा विंचरून झाले, टी-शर्टला इस्त्री झाली.

“पळाले चालला का फोटो काढाले?” समीक्षानं विचारलं.

“चारचौघांत जायाचं आहे,” तो म्हणाला. नंबराच्या कागदाची टाचणी मात्र त्यानं दोनदा खाली पाडली. तिनंच त्याच्या छातीवर नंबराचा कागद टाचला आणि त्याचा फोन आपल्या पर्समध्ये टाकला.

मैदानावर शिट्टी वाजली. दोनेकशे माणसं गलका करत निघाली. कपिल मागच्या घोळक्यात होता. त्यानं एकदा वळून हात केला आणि दिसेनासा झाला.

मग माइकवरचा माणूस पाणी देणाऱ्यांचे आभार मानू लागला. शाळेपाशी अमुक, पुलापाशी तमुक. “आणि धरणाच्या रस्त्यावर आपले विठ्ठलराव. सकाळपासून स्वतः ओट्यावर पाण्याचे गिलास भरून बसले आहेत!”

समीक्षा गर्दीतून फाटकाकडे सरकली. कपिल त्यांच्या दारावरून जाणार. ते त्याला ओळखणार. चार माणसांत काहीतरी बोलतील, पाणी नाकारतील, नाहीतर गिलास भिरकावतील. तिनं फोनसाठी पर्स उघडली आणि त्याचाही फोन आपल्याकडेच आहे हे आठवून बंद केली.

ऊन चढलं. पहिले आले, त्यांना हार पडले. मग एकेक, दोघं-दोघं येऊ लागले. कपिल नव्हता. लंगडत आलेल्या एका बाईला समीक्षानं गाठलं.

“ताई, धरणाच्या रस्त्यानं सारं ठीक आहे ना?”

“ठीकच म्हणा,” बाई धापा टाकत म्हणाली. “एका ओट्यावर मोठा कल्ला चालू होता. पाणी देणाऱ्या बुढ्यासंगं एक पळणारा भांडून राह्यला होता. गर्दी जमली होती सारी.”

समीक्षाला वाटलं, आपण यायलाच नको होतं. आईला बघायची इच्छा मनातच राहू दिली असती तर काय बिघडलं असतं?

मैदान रिकामं झालं. पोरं कनाती सोडू लागली. शेवटी, मागे राहिलेल्यांना गोळा करणारी जीप फाटकातून आत आली. समीक्षा धावत सुटली. कपिलला काही झालं असेल तर बापाला आयुष्यात क्षमा करायची नाही, हे तिनं त्या धावण्यातच ठरवून टाकलं.

जीपचं दार उघडलं आणि इंदुताई उतरल्या.

मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मागून टोपी सावरत विठ्ठलराव उतरले. सहा वर्षांत खूप वाळले होते. लेकीकडे न बघता त्यांनी तक्रार सुरू केली.

“बाई, या माणसाले मी पाणी देलं. ओळखून देलं, हो! तर घेतलं नाही. साऱ्या गल्लीसमोर म्हणते, ‘मामाजी, जावई पह्यल्यांदा दारात आला, अन् त्याले नुसत्या पाण्यावर वाटे लावता का? चहा पाजा.’ म्या म्हटलं, जाय आपल्या रस्त्यानं. तर ओट्यावर मांडी घालून बसला. सारे पळणारे निघून गेले, हा हालाले तयार नाही!”

“मग?”

“मग काय! लोक माह्याच तोंडाकडे पाहून राह्यले. मांडला चहा तुह्या आईनं.” त्यांनी टोपी काढून पुन्हा डोक्यावर घातली. “अन् मंग मीच म्हटलं, पोरगी मैदानावर ताटकळली असन, तिले घरी आणू.”

समीक्षानं डोळे पुसत जीपमध्ये पाहिलं. कपिल मागच्या बाकावर ऐसपैस बसला होता. टी-शर्टची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती.

“येड्या,” ती म्हणाली, “वर्षभर मेहनत केली, अन् शर्यत अर्ध्यात सोडली?”

“सोडली कुठं? तुह्या बाबाच्या ओट्यापर्यंतच तं पळाचं होतं मले.”