माहेरच्या नावाचा दगड

"हे नाव चालायचं न्हाई," लालासाहेब जगदाळे म्हणाले आणि सुनेचा मोबाइल त्यांनी सुपारीच्या ताटलीशेजारी पालथा ठेवला.

मोबाइलमध्ये एक मेल होता. मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात फिरणाऱ्या एका दगडी लघुग्रहाला सुनेचं, अंजनाचं, नाव द्यायचं घाटत होतं. तो शोधणाऱ्या परदेशी बाईंनीच ते सुचवलं होतं, अंजनानं त्या दगडावर तीन वर्षं काम केलं म्हणून. 'अंजनामाने', असं एकत्र लिहिलेलं नाव. बरोबर असेल तर आज संध्याकाळपर्यंत कळवा, एकदा जाहीर झालं की बदलता येणार नाही, असं शेवटी लिहिलं होतं.

माने हे तिचं इस्लामपूरचं माहेर. आणि या घरात तर अंजना नावाची कुणी बाईच नव्हती. सहा वर्षांपूर्वी लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'प्रियदर्शनी' लिहिलं गेलं, तेव्हापासून ती प्रियदर्शनी वीरधवल जगदाळे. शोधनिबंधांवर मात्र तिनं जुनंच नाव ठेवलं होतं. लपवून नव्हे. निबंध टीव्हीशेजारी उघडे पडलेले असत. घरातल्या एखाद्या पुरुषानं पहिलं पान बघायचे कष्ट घेतले असते, तर हा घोटाळा तेव्हाच कळला असता.

"सूनबाई, पाचशे पाव्हण्यांम्होरं नाव लिवलंय तांदळात. ते काय गंमत म्हनून? जगदाळ्यांच्या सुनंनं काम करायचं आन् नाव मान्यांचं व्हय? कळवा त्यांना. चुकलंय म्हनावं, जगदाळे लिवा."

"मामा, काम मी केलंय."

"केलंच की. कुनाच्या घरात राहून?"

यावर धाकट्या दिरानं, जयराजनं, मान डोलावली. त्याची मान या कामासाठीच होती. त्यानं उद्याच्या सत्काराचा फ्लेक्स मोबाइलवर पुढं केला. वर गॉगल लावलेले लालासाहेब, खाली वीरधवल, त्याच्याहून थोड्या मोठ्या फोटोत जयराज, आणि कोपऱ्यात तिकिटाएवढी अंजना. मधोमध कडीवाला पिवळाधमक गोळा. 'जगदाळे घराण्याचा ग्रह अवकाशात!'

"हा शनी आहे," अंजना म्हणाली.

"ग्रहच हाय न्हवं? उगं दगड टाकला तर लोकं काय म्हनतील, वैनी?"

अंजनानं नवऱ्याकडं बघितलं. वीरधवल उंबऱ्यात बसून बुटाची लेस बांधत होता. बांधून झाल्यावर त्यानं ती सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.

"घे की मिटवून," तो बुटाकडं बघतच म्हणाला.

तिला राग यायला हवा होता. पण रागावण्याइतकं समोर काही दिसेना. या तीन मिशांना आपण सहा वर्षं बिचकून राहिलो, याचीच तिला लाज वाटली. तिनं मोबाइल उचलला, उभ्या उभ्या एक ओळ लिहिली आणि पाठवून दिली.

"कळवलंत?" लालासाहेबांनी विचारलं.

"कळवलं. नाव बरोबर आहे म्हणून. अंजनामाने."

लालासाहेबांनी सुपारी तोंडात टाकली, चावायची मात्र विसरले.

"मग उद्या सत्कार कुनाचा करायचा?"

हे त्यांनी अगदी मनापासून विचारलं. मंडपवाला ठरला होता, फेटेवाला ठरला होता, फलटणहून पाहुणे यायचे होते. जगदाळ्यांचं नाव नसेल तर गौरवायचं तरी काय, हे त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

"आबा, तुमचा वाढदिवस टाकू," जयराज म्हणाला. "वैनींचा फोटो तेवढा उडवतो."

वाढदिवसाला चार महिने अवकाश होता. लालासाहेबांनी थोडा विचार केला आणि होकार दिला. बापलेक फ्लेक्सवाल्याला फोन लावायला अंगणात गेले. वीरधवलची लेसही एकदाची बांधून झाली, आणि तो त्यांच्या मागोमाग निघाला.

सासूबाई, साळूबाई, मघापासून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या हात पुसत आल्या आणि अंजनाशेजारी टेकल्या. पुरुष घरी असताना त्या बाहेरच्या सोप्यावर कधी बसत नसत.

"पर तू केलंस काय गं नेमकं?"

सहा वर्षांत हे या घरात कुणी विचारलं नव्हतं.

"तो दगड स्वतःभोवती फिरतो, आत्या. वेडावाकडा आहे, त्यामुळं फिरताना कधी जास्त चमकतो, कधी कमी. ते बघत राहायचं आणि मोजायचं. बाकीच्या बहुतेक दगडांची गिरकी काही तासांत पुरी होते. ह्याला एका गिरकीला अडतीस दिवस लागतात."

"अडतीस दिस?"

"हो."

साळूबाईंनी जरा वेळ मनाशी काहीतरी जुळवून बघितलं.

"आन् कुनी घाई करत न्हाई त्याला?"

"कोण करणार?"

अंगणातून लालासाहेबांची हाक आली. चहा हवा होता. साळूबाईंचे हात सवयीनं गुडघ्यांवर गेले, पण त्या उठल्या नाहीत.

दुसरी हाक आली, पहिलीपेक्षा मोठी.

"मग?" साळूबाई म्हणाल्या. "फुडं सांग."