आनंदावरचा उपदेश

पाळकसाहेब चार दिवस खोलीत बसून रविवारचा उपदेश लिहीत होते. शुभवर्तमानात ‘आनंद’ म्हणून जो ग्रीक शब्द येतो, त्याचा नेमका अर्थ काही केल्या कागदावर उतरत नव्हता. तिकडे स्वयंपाकघरात लेक पळीचा माईक करून बापाचीच नक्कल करत होती आणि तिची आई-आजी हसून हसून लोळत होत्या.

शेवटी ते दारात येऊन गरजले, "आनंदावर लिहितोय मी! जरा गप्प बसाल का?"

घर चिडीचूप झालं. दार आपटून ते परत टेबलाशी बसले आणि एकदाचं वाक्य सुचलं: ‘हा आनंद आपल्यापासून कोणीही हिरावून घेऊ शकत नाही.’



स्वयंपाकघरात आजीने कानोसा घेतला आणि नातीच्या हातात पळी परत दिली. "लावलं त्याने दार. हं, होऊ दे पुढे!"